तिसऱ्या घंटीच्या आत

सोमवार, २ मे १९८३

शामला ऑफिसातून आली आणि चप्पल काढायच्या आत म्हणाली, मला बी.ए. करायचंय. मी म्हटलं, आधी चप्पल काढ.

प्रकरण असं. सूनबाई ऑफिसात टेम्पररी टायपिस्ट. तिथे कायम क्लार्कची जागा निघते आहे. साहेब म्हणाले, तीस जूनपर्यंत बी.ए.ला ॲडमिशन घेतल्याचं दाखवा, नाव वर पाठवतो. नाहीतर जागा दुसऱ्याला. घरात दोन लहान मुली, नवरा, म्हणजे आमचा वसंत, सहा दिवस सावनेरकडे कोळशाच्या खाणीवर. कॉलेजला जाणार कधी? म्हणून पोस्टाने शिकवणारी युनिव्हर्सिटी हवी, आणि ती फसवी नको. "आई, तुमाले इंग्रजी येते. जराशी चौकशी करून द्या न." माहेर सावनेरचं. लग्नाला नऊ वर्षं झाली, 'मले-तुले' काही सुटलं नाही.

जराशी चौकशी! नागपूरच्या टेलिफोन एक्सचेंजमध्ये सदतीस वर्षं काढली मी, शेवटची अकरा सुपरवायझर म्हणून. चौकशी म्हणजे काय ते मला सांगतात.

निश्चय: शामलासाठी देशातली सर्वांत नामांकित युनिव्हर्सिटी शोधणार. आणि उद्यापासून रोज संध्याकाळी सहा ते आठ दोन्ही मुली माझ्याकडे. बाईला अभ्यासाची सवय लागली पाहिजे.

मंगळवार, ३ मे

उन्हाने डोकं चढलं. मुली शेजारी यमुताईंकडे. त्यांना तिथे आवडतं.

गुरुवार, १२ मे

मागवलेली प्रॉस्पेक्टस आली. सगळी गुळगुळीत कागदाची, सगळ्यांत तेच: अनुभवी प्राध्यापक, नियमित धडे. कागदावर कोणीही काहीही छापतं. माणूस कळतो तो आवाजावरून. कॉन्व्हेंटमध्ये सिस्टर ॲग्नेस म्हणायच्या, फोनवर असं बोला की समोरच्याला तुमचे पॉलिश केलेले बूट दिसले पाहिजेत. माझ्या हाताखालच्या ऑपरेटर मुलींना मी तेच शिकवलं. तिसऱ्या घंटीच्या आत उचलायचा. आधी नमस्कार, मग नाव, मग काम. ज्या संस्थेला फोन उचलता येत नाही ती शिकवणार काय, कपाळ?

तर पद्धत ठरली. प्रत्येक युनिव्हर्सिटीला फोन करायचा.

संध्याकाळी मुलींना घेणार होते, पण घशाला विश्रांती हवी. उद्यापासून कॉलची कामं आहेत. यमुताई आहेतच.

गुरुवार, १९ मे

एका ठिकाणी कोणी उचलतच नाही. एका ठिकाणी उचलून जांभई दिली. मग इथली, गावातली युनिव्हर्सिटी. चपराशाने उचलला. "हालो, कोन पाहिजे? बाबू जेवाले गेले. थांबा." आणि रिसीव्हर टेबलावर! मी थांबले. पंख्याची कटकट ऐकली, कोणाचा तरी चहा आला, उशिरा आला म्हणून भांडण झालं. शेवटी कोणीतरी रिसीव्हर उचलला आणि तसाच ठेवून दिला. नाव खोडलं, आणि शामलालाही हे सगळं ऐकवलं.

शामला म्हणत होती, "आई, रविवारी क्लास असन तर पाहा. रविवारी हे घरी असतात, पोरी त्यांच्यापाशी राहतीन. आन मराठीतून असन तर अजून चांगलं." मी म्हटलं, नामांकित युनिव्हर्सिटी तुझ्या नवऱ्याची सुट्टी बघून चालत नसते. कपडे वाळत घालायला गेली. पटलं असावं.

शुक्रवार, २७ मे

सापडली!

रॉयल डेक्कन कॉरस्पॉन्डन्स युनिव्हर्सिटी. दुसऱ्या घंटीला उचलला. "गुड मॉर्निंग, रजिस्ट्रार्स ऑफिस, मे आय हेल्प यू?" काय तो आवाज! काय ते उच्चार! आधी नमस्कार, मग नाव, मग काम. असं काही या देशात उरलं असेल असं वाटलं नव्हतं. मला गहिवरून आलं. कार्यालय वाडीला, अमरावती रोडवर. वाडीत सगळी ट्रान्सपोर्टची गोडाऊनं, पण मोठ्या संस्थांना जागा शहराबाहेरच लागते.

संध्याकाळी पुन्हा फोन केला, उगीच. दुसऱ्या घंटीला उचलला.

शुक्रवार, १० जून

न्यायाने वागावं म्हणून गावातल्या त्या युनिव्हर्सिटीला आज दुसरी संधी दिली. तोच चपराशी. "थांबा." रिसीव्हर टेबलावर. मागे बायकांची रांग असावी, नुसता कलकलाट. त्यात एक बाई तर भांडत होती: "मीबी नोकरीच करून राहिली न वं! अर्ध्या दिवसाची सुट्टी टाकून आली, मले काहून मागं ढकलतेस?" कुठल्या तरी खेड्यातली. आवाज इतका चिरका की कान हुळहुळला. अशा बायकांत माझी सून उभी राहणार? फोन ठेवला.

सोमवार, १३ जून

शामला पोळ्या झाल्यावर आली, म्हणाली, आई, त्या ॲडमिशनचं एक सांगाचं होतं. मी म्हटलं, तू काळजी करू नकोस, निर्णय माझ्यावर सोड. ती म्हणाली, "नाही पण—" मी म्हटलं, सोड. सोडला. शिस्त लागते आहे.

मुलींना उद्यापासून नक्की.

मंगळवार, २१ जून

रॉयल डेक्कनचा फॉर्म स्वतः भरला, शाईच्या पेनने. पोस्टावर विश्वास नाही. समक्ष नेऊन देईन. ते सदतीस वर्षांच्या पुण्याईचं अक्षर बघतील तरी. मुली यमुताईंबरोबर बर्डीच्या बाजारात गेल्या आहेत, रिबिनी आणायला.

मंगळवार, २८ जून

रिक्शाने वाडीला गेले.

गोडाऊन. पुढे ट्रक, मागे ट्रक, मध्ये सरकीची पोती. हमाल म्हणाला, "युनिव्हर्सिटी? वरती. जिना सांभाळा, बाई, एक पायरी नाही." वर एक खोली, एक टेबल, टेबलावर दोन फोन. आणि टेबलामागे प्रेमिला.

प्रेमिला! माझ्या हाताखाली तीन वर्षं होती एक्सचेंजमध्ये. मीच घडवलेली. ती उठून उभी राहिली, "मॅडम, तुमी?" तेवढ्यात डावा फोन वाजला. "गुड मॉर्निंग, रजिस्ट्रार्स ऑफिस." मग उजवा. "हां, भैय्याजी, अकोल्याचा माल चढून राहिला." दोन्ही दुसऱ्या घंटीला.

रजिस्ट्रार कोण, विचारलं. म्हणाली, मालकच. सकाळी ट्रक पाहतात, दुपारी युनिव्हर्सिटी. प्राध्यापक? इकडेतिकडे बघून माझ्या हातातला फॉर्म तिने घडी घालून माझ्याच पर्समध्ये कोंबला. "मॅडम, इथं नका देऊ. मी पण दुसरी नोकरी पाहून राहिली."

मी म्हटलं, प्रेमिला, हे असलं काम करतेस? तर म्हणे, "मी काय करतो, मॅडम? मी फक्त फोन उचलतो. तुमीच शिकवला तसा."

देश रसातळाला चालला आहे. आवाज मात्र अप्रतिम.

आता दोन दिवस उरले. शामलाला काय सांगायचं? जागा गेली म्हणून सांगायचं?

बुधवार, २९ जून

सकाळी शामलाला सांगितलं की रॉयल डेक्कनच्या लाइनमध्ये बिघाड निघाला. ती कणीक मळत होती. मान वर न करता म्हणाली, "असू द्या, आई. मी तं दहा तारखेलेच ॲडमिशन घेतली. त्या 'थांबा' म्हननाऱ्या चपराशाच्या तिथं." मराठीतून. क्लास रविवारी. साहेबांनी नावही वर पाठवलं.

मला न विचारता! ती म्हणाली, तेरा तारखेला सांगायला आले होते, तुम्ही म्हणालात निर्णय माझ्यावर सोड. मग हसली. "आन आई, मले काही फोनवर नाही शिकाचं."

पुढे तिनेच रांगेची हकिकत सांगितली. अर्धी सुट्टी टाकली, एका बाईने मागे ढकललं, ही चांगली भांडली. टेबलावर कोणाचा तरी फोन उघडाच पडला होता म्हणे, पलीकडचं माणूस बिचारं ताटकळत असेल.

मी आत येऊन दहा जूनचं पान वाचलं. नऊ वर्षं हा आवाज माझ्या घरात आहे. रोज सकाळी चहा झाला म्हणून हाक मारतो.

पान फाडावं असं मनात आलं. फाडलं नाही. त्या दिवशी लाइनच खराब होती.

रविवार, ३ जुलै

शामलाचा पहिला क्लास. वसंतला डबल ड्यूटी लागली, आला नाही. यमुताई वर्ध्याला गेल्या. शामला पदर खोचून दारात उभी राहिली. नुसती माझ्याकडे बघत राहिली. मीच म्हटलं, जा. मुलींना सहा ते आठ घेईन म्हणाले होते, दहा ते पाच पदरात पडले.

मुलींना एक्सचेंज-एक्सचेंज शिकवलं. दोन काडेपेट्या, मध्ये दोरा. मोठी मिनू शहाणी, दोरा ताणून धरते. धाकट्या छबीला समजावलं, आधी नमस्कार, मग नाव, मग काम. तिसऱ्या घंटीच्या आत. मी घंटी वाजवली.

छबीने काडेपेटी तोंडाला लावली. "हालो, कोन पाहिजे? थांबा."

आणि काडेपेटी फरशीवर ठेवून जांभळं खायला गेली. मिनूही तिच्यामागे गेली.

मी थांबले आहे. डाव्या हाताने काडेपेटी कानाला, उजव्याने हे लिहिते आहे. ओसरीवर बिया थुंकल्याचा आवाज येतो आहे. आत्ता विचारत होत्या, आई कधी येईल. दोघींपैकी कोणी विचारलं ते मात्र ओळखता आलं नाही.