मेंतोंला ओहोटी लागत नाही

५ फेब्रुवारी २०२६, गुरुवार. पेण, रामवाडी.
उद्या निघायचं. मुंबई, पॅरिस, नीस आणि तिथून मेंतों. फ्रान्सचा दक्षिण किनारा, भूमध्य समुद्र. अद्वय सहकुटुंब ल्योंहून तिथे येतोय, स्पृहाच्या शाळेला सुट्टी आहे. म्हणाला, बाबा, दोन आठवडे समुद्रावर राहू, आराम करू. मुलाला मी ओळखतो. नुसत्या आरामासाठी कोणी म्हाताऱ्या बापाला विमानात घालून बोलवत नाही. त्याला मला कायमचं ठेवून घ्यायचं आहे, फोनवर विचारायला जड जातंय इतकंच.

माझी तयारी झाली आहे. पहिल्यांदा विचारलं की नाही म्हणायचं, ठामपणे. दुसऱ्यांदाही नाही, पण जरा मऊ. तिसऱ्यांदा मान खाली घालून 'बघू'. त्याआधी हो म्हणणारा माणूस हावरट दिसतो. आमच्या रोह्याच्या घरी पहिल्या विचारण्याला पुरणपोळी घेणारा पाहुणा मी पाहिला नाही, आणि पहिल्या नकारावर ताट उचलणारी बाईही नाही.

पेपर कायमचा बंद केला. तुळशीची कुंडी शेजारच्या भाविकाला दिली. वृंदाचा फोटो भिंतीवरून काढला आणि बॅगेत दोन स्वेटरांच्या मधे ठेवला. फिरायला जाताना गेलेल्या बायकोचा फोटो कोणी नेत नाही, हे मला कळतं. पण तिने भूमध्य समुद्र बघू नये की काय?

हिरामणचा फोन. कासू गावचा हिरामण, मी रोह्याच्या शाळेत शिकवायला जायचो तेव्हाचा गाडीतला सोबती. म्हणाला, काय मास्तर, येशील ना परत? का तिकरंच मडमांना कविता शिकवत बसशील? म्हटलं, दोन आठवड्यांत हजर. तर म्हणतो, मंग तुळस कशाला वाटलीस रं? पेणमध्ये काही लपत नाही.

८ फेब्रुवारी, रविवार. मेंतों.
गावाचं नाव नाकातून म्हणायचं. स्पृहाने दुरुस्त केलं, नऊ वर्षांची आहे पण शिक्षिका होईल.

पिवळी, केशरी, गुलाबी घरं डोंगरावर एकमेकांच्या खांद्यावर चढून समुद्र बघतायत. दीडशे वर्षांपूर्वी छातीच्या दुखण्याचे इंग्रज आणि रशियन इथे हवापालटाला यायचे. बरेच बरे व्हायचे नाहीत. त्यांच्यासाठी वर टेकडीवर दफनभूमी आहे. व्ह्यू उत्तम.

समुद्र इतका निळा की आपला अलिबागचा आठवून संकोच वाटला. पहिला चरण जागेवरच सुचला, भुजंगप्रयातात. *तुझा रंग गंभीर नीळा निळासा.* 'नीळा' वृत्तासाठी लांबवलाय, चालतं. संकल्प: रोज एक कडवं. परतेपर्यंत खंडकाव्य. (परतलो तर.)

वाळू मात्र नाही, गोटे आहेत. पाणी थेट गोट्यांना लागलेलं, म्हणजे भरती असणार. ओहोटीला वाळू उघडी पडेल. अद्वय चार वर्षांचा होता तेव्हा ओहोटीत अलिबागच्या किल्ल्यावर चालत गेलो होतो. तो माझ्या खांद्यावर, वृंदा चपला हातात घेऊन मागे. परतताना पाणी घोट्यांना लागलं तेव्हा त्याने घाबरून माझे केस घट्ट धरले. तेव्हा होते. मोठं बोलणं अशा ओल्या वाळूवरच व्हायला हवं. तिथेच त्याला विचारू द्यायचं.

९ फेब्रुवारी. सकाळी.
नमिताने विचारलं, बाबा, अजून एक क्रुआसाँ? म्हटलं, नको. तिने पिशवी बंद केली.

९ फेब्रुवारी. दुपारी.
भाताचीही तीच गत. सून गुणी आहे, गडबडीत असते. ओहोटी अजून नाही. जेवणावर खोलीत जाऊन पोह्याचे पापड कच्चेच खाल्ले. पेणचा पापड कच्चाही बरा लागतो.

१० फेब्रुवारी.
स्पृहाला सहज विचारलं, तुझी आई दुसऱ्यांदा का विचारत नाही गं? ती म्हणाली, आजोबा, तुम्ही नो म्हणालात ना? शाळेत शिकवतात, समोरचा नाही म्हणाला की परत विचारायचं नाही, बॅड मॅनर्स. मी तिला आग्रह ही काय चीज असते ते समजावलं. तिने विचार केला आणि म्हणाली, म्हणजे मम्मी नाही म्हणाली तरी मी आईस्क्रीम मागत राहायचं? तसं चुकीचं नव्हतं उदाहरण.

मग तिला आमच्या पाचवीच्या पुस्तकातली होडीची कविता म्हणून दाखवली, वर्गात म्हणायचो त्याच चालीवर, हातवाऱ्यांसकट. दोन कडव्यांनंतर ती म्हणाली, मेर्सी आजोबा, आणि टॅब घेतला. गोडी लागायला वेळ लागतो. एकत्र राहिलं की आपोआप लागेल.

ओहोटी नाही. तिथीची पाऊणपट केली की भरतीचा तास येतो, आमच्याकडे पोरासोरांना येणारा हिशोब. इथे बहुतेक फ्रेंच वेळेने करावा लागतो.

११ फेब्रुवारी, बुधवार. रात्री.
विचारलं!

वाळूवर नाही. किनाऱ्यावरच्या बाकावर, आणि मी लिंबाचा केक खात असताना. वेळ साधणं त्याला लहानपणापासून जमत नाही. म्हणाला, बाबा, तुम्ही आमच्याकडेच का राहत नाही? ल्योंला. कायमचे. मी घास गिळला. म्हटलं, छे रे, माझं सगळं पेणला, माणसं पेणला, या वयात मुळं उपटायची नसतात. आवाज ठाम लागला. 'मुळं' आयत्या वेळी सुचलं.

त्याने माझ्या सदऱ्यावरचा केकचा चुरा झटकला. मग म्हणाला, ओके बाबा. तुमचा निर्णय.

पहिली फेरी उत्तम झाली. चेहरा पडला होता त्याचा, म्हणजे दुसरी लवकरच. रात्रीपर्यंत बाल्कनीत फोनवर फ्रेंचमध्ये बोलत होता. सुट्टीतसुद्धा ऑफिसवाले माणसाला सोडत नाहीत.

१२ फेब्रुवारी.
आज विचारलं नाही. बरोबर आहे, लागोपाठ विचारणं बरं दिसत नाही.

१४ फेब्रुवारी.
लिंबांचा उत्सव सुरू झाला. लिंबा-संत्र्यांचे घराएवढे पुतळे, एकेक फळ रबरबँडने बांधलेलं. अद्वय म्हणाला, काय कलाकारी आहे ना बाबा. म्हटलं, जोह्याच्या मूर्तींच्या कारखान्यात ये गणपतीच्या आधी, मग बोल. डोळे बघ यांचे, नुसती भोकं. तो हसला. मला वाटलं आता विचारेल. गर्दीतून बाहेर पडून मुद्दाम हळू चाललो, त्याला बरोबर चालता यावं म्हणून. त्याला वाटलं माझे गुडघे दुखतायत. टॅक्सी केली.

१५ फेब्रुवारी. महाशिवरात्र.
उपास. आज नेमकी नमिता म्हणाली, बाबा, थोडा भात घ्याच. नको म्हटलं तर परत म्हणाली, घ्या हो, फार वाळलात तुम्ही. आठवड्यातला पहिला आग्रह आणि शंकराने अडवला. पण शुभचिन्ह आहे. घरात आग्रहाचं वारं सुटलं.

१७ फेब्रुवारी. अमावस्या.
आज उधाण. अमावस्येला समुद्र कुठलाही असो, जाणारच मागे. सकाळपासून बाकावर. पाणी परवा होतं तिथेच. काल होतं तिथेच.

अद्वय शोधत आला. म्हणाला, बाबा, जेवायचं नाही का, रोज इथे येऊन कशाची वाट बघताय? म्हटलं, ओहोटीची. तर म्हणाला, बाबा, या समुद्राला ओहोटी जवळजवळ नसतेच. वीतभर पाणी खाली जातं, कळतही नाही. मी म्हटलं, माहिती आहे मला, भूगोलाचे तासही घेतलेत मी. तो शेजारी बसला. काहीतरी म्हणणार होता असं मला स्पष्ट दिसलं. म्हणाला, थंडी वाजत नाही ना?

१८ फेब्रुवारी.
तो लाजतोय. बाप आहे मी, वाट सोपी करून द्यायला हवी. उद्या मीच विषय काढेन. कवितेचा दुसरा चरणही उद्या.

१९ फेब्रुवारी.
उद्या.

२० फेब्रुवारी, शुक्रवार.
अद्वय स्पृहाला घेऊन बाजारात. नमिता भांडी पुसत होती. मी भिंतीला विचारल्यासारखं विचारलं, ल्योंला थंडी फार असते का गं? म्हणाली, असते बाबा, पण हीटिंग असतं. मग म्हणाली, तुम्हाला सांगू नको म्हणाला होता, पण सांगते. एक घर बघून ठेवलं होतं आम्ही. तळमजल्याची खोली तुमच्यासाठी, जिना चढायला नको म्हणून. मागे हातभर बाग. तो म्हणायचा, बाबा इथे तुळस लावतील. तुम्ही नाही म्हणालात त्याच संध्याकाळी फोन करून सोडून दिलं. दुसऱ्या कोणी घेतलंही.

बाल्कनीतला फोन.

म्हटलं, एकदा नाही म्हटलं की लगेच सोडायचं? सहज म्हणाल्यासारखं म्हटलं. ती भांडं पुसत राहिली. म्हणाली, मी म्हटलं होतं त्याला, परत विचार. तर म्हणाला, आई ऑपरेशनला नको नको म्हणत होती, मी आग्रह कर-करून तिला तयार केलं. ती टेबलावरून परत आली नाही. आता मी कोणालाच दुसऱ्यांदा विचारत नाही.

मला यातलं काही माहीत नव्हतं. मी म्हटलं, बरं केलं त्याने, मी कुठे राहणार होतो. मग बाहेर जाऊन लिंबं बघितली. पुष्कळ होती.

२२ फेब्रुवारी, रविवार.
उद्या विमान. बॅग भरताना स्पृहाला स्वेटरांत फोटो दिसला. ओरडली, पप्पा, आजी! अद्वय दारात उभा राहिला. फोटोकडे बघितलं, माझ्याकडे बघितलं. फिरायला येताना फोटो कोणी आणत नाही, हे त्यालाही कळतं की. आता एकच वाक्य हवं होतं, त्याचं किंवा माझं.

मी म्हटलं, तिला समुद्र दाखवायचा होता.

मग आम्ही दोघं फोटो घेऊन खाली गेलो आणि पाण्याकडे तोंड करून धरला. लोक बघत होते. अद्वयने माझा दंड धरला होता, गोट्यांवरून घसरू नये म्हणून. चांगलाच घट्ट.

२५ फेब्रुवारी. पेण.
फोटो खिळ्यावर. पेपर आला नाही. भाविका भेटली, म्हणाली, काका, परत नेताय का तुळस, इकडे छान रुजली हो. म्हटलं, नको, असू दे. ती बरं म्हणाली आणि दार लावलं.

संकल्प: यापुढे कोणीही काहीही विचारो, पहिल्याच विचारण्याला हो. आजपासून. उद्यापासून.

१ मार्च, रविवार.
हिरामणला लिंबाचा जॅम द्यायला कासूला गेलो. तो घरी नव्हता. त्याची बायको काशीबाई भांडी घासून पदर खोचून निघायच्या बेतात, कुलूप हातात. मला बघून सवयीने म्हणाली, या मास्तर, जेवाला बसा. म्हटलं, हो.

ती बघतच राहिली. आवं, तुमी तर कवा हो बोलत नाय! मी चपला काढल्या. संकल्प म्हणजे संकल्प. बिचारीने कुलूप ठेवलं, चूल परत पेटवली, जवळा परतला, तांदळाची भाकरी थापायला बसली. शेजारणीला ओरडून सांगितलं, तू जा गो पुढं, आमचे मास्तर जेवतान. मला मेल्याहून मेल्यासारखं झालं, पण आता उठणं त्याहून वाईट.

तेवढ्यात हिरामण आला. म्हणाला, आलास? मग बसून विचारलं, काय रं, ऱ्हा बोलला का पोरगा? म्हटलं, तीनदा. मंग का नाय ऱ्हायलास? म्हटलं, तिथे समुद्राला ओहोटी नाही. तो म्हणाला, मंग चिंबोऱ्या कवा धरतान?

काशीबाईने दुसरी भाकरी पुढे केली. म्हटलं, नको. तिने वाढली. म्हटलं, नको म्हटलं ना. ती म्हणाली, गप खावा. जवळ्यात मिरची जास्त होती, डोळ्यांतून पाणी आलं. हिरामणने पाण्याचा तांब्या माझ्याकडे सरकवला आणि दुसरीकडे बघत जॅमच्या बाटलीचा वास घेत बसला.

२ मार्च. होळी.
दुपारी अद्वयचा फोन. बाबा, तब्येत बरी ना, औषधं घेताय ना. मग म्हणाला, बाबा, मे महिन्यात येता का परत? तिकीट काढू?

मला माहीत आहे, तो दुसऱ्यांदा विचारत नाही. 'हो' अगदी ओठांवर होतं. म्हटलं, नको रे, कशाला उगाच तुम्हाला त्रास.

ओके बाबा, म्हणाला. काळजी घ्या.

त्याने फोन ठेवला. मी थोडा वेळ तसाच कानाला धरून उभा होतो. कधी कधी लाईन लगेच तुटत नाही.