दारूच्या द्राक्षाची भाजी

गोंडपिपरी, २२ फेब्रुवारी १९८६

आदरणीय सोमाजी भाऊजींना हरिदासचा सविनय जयभीम. आमच्या बहिणीची, रंभाबाईची कंबर आता कशी आहे? इकडे सर्व ठीक. आईची भूक परतली, आणि त्याचं सारं श्रेय तुम्ही नाशिकहून पाठवलेल्या काड्यांना आहे.

बाबा गेल्यावर आई अर्ध्या ताटावरून उठायची. म्हणून तुम्ही तिला कायमची तिकडे न्यायचं ठरवलंत, आणि तोवर जीव रमावा म्हणून तुम्ही राबता त्या मळ्यातल्या काळ्या-लाल द्राक्षाच्या काड्या दिल्यात. (हे द्राक्ष दारूचं, हे मी घरात बोललो नाही. विहाराचा चिटणीस आहे मी. पंचशील म्हणायला तोंड तर हवं!) आम्ही पडलो धानवाले. पाणी तुंबवल्याशिवाय काही पिकतं यावर आमचा विश्वास नाही. मी बांध घालून काड्या अशा बुडवल्या की कुजूनच गेल्या. एक तेवढी आईने मुरमात खोचली आणि विसरली. तीच जगली.

पुढे वेल मांडवावर चढली. तुमच्या सूचनेप्रमाणे दर काडीवर दोन डोळे राखून छाटायला गेलो, तर आई आडवी आली. "हिरव्या जिवाले काऊन कापून राह्यला रे? त्यानं तुह्यं का बिघडवलं?" मी कात्री ठेवून दिली. पण कोवळा पाला दिसला की आपल्याकडच्या बाईचा हात राहतो का? पावसाळ्यातली तरोट्याची रानभाजी जरठ झाली तशी तिने वेलीचे शेंडे खुडून डाळभाजी केली. आंबूस, फक्कड! मी मागून मागून खाल्ली. मग रोज शेंडे. कात्रीला नको म्हणणाऱ्या माउलीने नखांनी वेल भुंडी केली, आणि तिला घड आले!

द्राक्षं मात्र थेट तुमच्यासारखी (रागावू नये): अंगाने बारीक, सालीने जाड, आत बियाच बिया, आधी तोंड आवळतं, चावत राहिलं की गोडवा सापडतो. आई पडवीत बसून ती खाते, बिया अंगणात थुंकते आणि जावयाचा उद्धार करते. तिला असं भांडताना पाहून मला रडू आलं. भाऊजी, तुमचे उपकार फिटायचे नाहीत.

आपला,
हरिदास

ता. क. : उन्हाळ्यात या, पण आईला नेऊ नका. वेलीत तिचा जीव अडकलाय.

पुन्हा ता. क. : पत्र आईला (कंस गाळून) वाचून दाखवलं. म्हणाली, "लिह्य जवाईले, वेल खुशाल उपटून न्या. मी या पोरासाठी राह्यली. बाप गेल्यापासून हाच जेवत नोहता, म्हून माह्या घशाखाली घास उतरत नोहता." आता ताट वाढलंय म्हणते, म्हणून इथेच थांबतो.