गाडी ऐकत नाही

प्रिय ताई,

फोनवर मी काही सांगायला लागलो की तू मध्येच प्रश्न विचारतेस आणि माझा क्रम चुकतो. म्हणून लिहितो आहे. शेवटपर्यंत वाच, मग फोन कर.

बाबांची व्हॅन आमच्या गॅरेजमध्ये मागच्या भिंतीला लावून उभी आहे. शाळेला सुट्टी आहे, त्यामुळे अजून कोणाची ओरड नाही. सोमवारी शाळा उघडेल आणि मुलांना आणायला बाबा निघतील. त्याच्या आत बिघाड सापडायला हवा होता. सापडला आहे. कसा सापडला ते आधी सांगतो, कारण एकदम शेवट सांगितला तर तू म्हणशील, नीट तपासलंस का. नीट तपासलं आहे.

सुट्टी लागायच्या आधीच बाबांची तक्रार सुरू झाली होती. म्हणाले, गाडी ऐकत नाही. चालता चालता मध्येच दम सोडते, मग एकदम उधळते. मुलं मागे एकमेकांवर आपटतात आणि हसतात, त्यांना तो खेळ वाटतो. आई म्हणाली, इतकी वर्षं गाडीला बोलताय, आता ती उलटून बोलली तर बिघडलं कुठे. बाबा हसले नाहीत. मला म्हणाले, तुझ्या त्या कॉम्प्युटरला विचार.

विचारलं. स्कॅनर लावला, तर एकही दोष नोंदलेला नाही. इंजिनात हवा सोडणारी झडप असते, थ्रॉटल म्हणतात ते. ती काढून पाहिली, थोडी काजळी होती, साफ केली. हवा मोजणारा सेन्सर तपासला. वायरी हातात धरून एकेक हलवून पाहिल्या, कारण कधी कधी वायर आतून तुटलेली असते आणि वरून धडधाकट दिसते. उस्ताद म्हणाले, अरे, गाडी तपासतोयस की मुलगी पाहायला आलायस? तरी मी थांबलो नाही. तसल्याच दुसऱ्या व्हॅनची थ्रॉटल बॉडी काढून हिला बसवली. उस्तादांनी बाहेर चक्कर मारली आणि किल्ली माझ्या हातात देत म्हणाले, लोण्यासारखी चालते. त्याच दिवशी संध्याकाळी बाबांनी नेली आणि परत आणून उभी केली. म्हणाले, तसंच आहे.

तुला आठवतं, बाबा तुला मैदानात गाडी शिकवायचे तेव्हा मी मागच्या सीटवर दोन्ही हातांनी कड धरून बसायचो. ॲक्सिलरेटरवर पाय कसा ठेवायचा, तर झोपलेल्या बाळाच्या डोक्यावर हात ठेवतो तसा, असं ते सांगायचे. तुला लगेच जमलं. माझा पाय पडला की बाळ दचकून उठायचं. शेवटी बाबा म्हणाले, हा गाडीत बसण्यापेक्षा गाडीखाली झोपलेलाच बरा. तेव्हापासून तू वर आणि मी खाली. आता तू एवढी मोठी बस चालवतेस, तर बाबा गॅरेजमध्ये येणाऱ्या अनोळखी गिऱ्हाइकालाही ते ऐकवतात. माझ्याबद्दल सांगतात, हा पण आहे, गाड्यांचा डॉक्टर, फक्त पेशंटपेक्षा जास्त घाबरलेला असतो.

मधल्या काळात घरी एक लहानशी गोष्ट झाली. बाबांच्या बुटात एक नट निघाला. आमच्याच गॅरेजमधला, करंगळीच्या नखाएवढा. तो बुटात घेऊन ते दिवसभर हिंडले, आणि मोजा काढला तेव्हा आईने ओरडून मला बोलावलं, कारण तळव्याला जखम होऊन रक्त सुकलं होतं. बाबा म्हणाले, तुमच्या गॅरेजचा माल मी फुकट पोचवतो आणि वर तुम्हीच ओरडता. आम्ही दोघं हसलो. जखम मी धुतली. खूप चोळूनही त्यांनी पाय मागे घेतला नाही, हे मला तेव्हा दिसलं होतं, पण मी त्याचा विचार केला नाही. माझ्या डोक्यात थ्रॉटल होतं.

मग मी ठरवलं की बाबा चालवत असतानाच स्कॅनर लावून शेजारी बसायचं. आता इथे तुला एक गोष्ट समजावून सांगावी लागेल. तू शिकलीस त्या गाडीला ॲक्सिलरेटरपासून इंजिनापर्यंत तार होती. आताच्या गाड्यांत तार नसते. पेडलच्या बुडाशी दोन सेन्सर असतात आणि पाय किती दाबला ते दोघंही वेगवेगळं कळवतात. एक नेहमी दुसऱ्याच्या दुप्पट आकडा सांगतो. दोन एवढ्यासाठी की एक खोटं बोलला तर दुसऱ्यामुळे पकडला जावा. पेडल खराब असेल तर दोघांचा हिशोब जुळत नाही. मला वाटत होतं, जुळणार नाही. खरं सांगायचं तर, जुळू नये असं वाटत होतं.

आम्ही शाळेच्या रस्त्याने गेलो. बाबा मजेत होते. पुढच्या रिक्षावाल्याने हात न दाखवता वळण घेतलं तेव्हा त्याला त्यांनी काच खाली करून विचारलं, काय राव, हात भाड्याने दिलाय का? मी पडद्यावरच्या दोन रेषा बघत होतो. चढावर दोन्ही रेषा एकदम खाली आल्या, अगदी तळाला. बाबा म्हणाले, बघ, सोडला दम. मग दोन्ही एकदम वर गेल्या आणि गाडी उधळली. पुन्हा तसंच झालं, आणि पुन्हा. प्रत्येक वेळी दोघी बरोबर खाली, बरोबर वर, एक दुसरीच्या दुप्पट. एकदाही फरक पडला नाही.

तेव्हा मी पडद्यावरून नजर काढून खाली पाहिलं. बाबांचा पाय पेडलच्या कडेवर होता. तो घसरून बाजूला आला, रबराच्या चटईवर टेकला आणि तिथेच दाबत राहिला. चेहऱ्यावर काही नाही. त्यांच्या हिशोबाने ते पेडलच दाबत होते. गाडी मंदावली तशी त्यांनी खाली बघितलं, डोळ्यांनी पाय शोधला, उचलून पेडलवर ठेवला आणि जोरात दाबला. शाळेच्या फाटकापाशी ब्रेकवर जातानाही त्यांनी आधी खाली पाहिलं. ताई, ज्या रस्त्याकडे बघायचं त्या रस्त्याकडे ते तेवढा वेळ बघत नव्हते. फाटकासमोर कोणी नव्हतं, कारण सुट्टी आहे.

परत येताना त्यांनी विचारलं, सापडलं का? मी म्हणालो, पेडल बदलावं लागेल.

एखादं गिऱ्हाईक गाडीच्या नावाने खडे फोडायला लागलं की बाबा मागून मला डोळा मारून म्हणायचे, नाचता येईना अंगण वाकडं. ते वाक्य त्या दिवसापासून माझ्या डोक्यातून जात नाही. मी घरी आईला रेषांचं काही सांगितलं नाही, फक्त विचारलं, बाबांची शुगर शेवटची कधी तपासली? ती म्हणाली, तपासायला चला म्हटलं तर म्हणतात, गाडी आधी तपासा. मग माझ्याकडे बघून तिने भाजी चिरायची सुरी बाजूला ठेवली आणि कशासाठी विचारतोस ते विचारलं नाही. शुगर वाढली की पाय बधिर होतात हे तिलाही माहीत आहे, आणि तिलाही नट आठवला असणार.

तर आता खरी परिस्थिती अशी आहे. व्हॅनचं पेडल मी काढलं आहे. ते फडक्यात गुंडाळून माझ्या खणात ठेवलं आहे आणि त्यात काहीही दोष नाही. बाबांना सांगितलं आहे की नवीन मागवलंय, यायला वेळ आहे. पेडलशिवाय गाडी हलत नाही, म्हणून मी एवढंच करू शकलो. सोमवारपासून मुलांसाठी उस्तादांच्या ओळखीचा एक ड्रायव्हर त्याची गाडी काढायला तयार आहे. पण हे फार दिवस चालणार नाही. बाबांना सगळी गॅरेजं माहीत आहेत. कोणाकडूनही पेडल आणून ते स्वतः बसवतील, मला विचारायचेही नाहीत. डॉक्टरकडे न्यायचं तर आधी कारण सांगावं लागेल, आणि मी सांगितलं तर ते म्हणतील, ज्याला एक क्लच नीट सोडता आला नाही तो मला शिकवतो. खोटं नाही ते. हे सांगायला स्टिअरिंगवर बसणारं माणूस हवं. तू शेजारी बसलीस आणि एकदा त्यांच्या पायाकडे पाहिलंस, तर तुला सांगावंही लागणार नाही कदाचित.

एवढं लिहून पत्र मी इथेच संपवणार होतो आणि धाडू की नको असा विचार करत होतो. काल दुपारी बाबा गॅरेजमध्ये आले. जुन्या टायरवर बसून त्यांनी चहा घेतला. व्हॅनचा दरवाजा उघडाच होता, आत पेडलच्या जागी वायरीचा मोकळा प्लग लोंबत होता. ते बराच वेळ तिकडे बघत बसले. उजवा बूट काढून त्यांनी हाताने तळवा दाबला, जरा थांबून आणखी जोरात दाबला. मला वाटलं, आता विचारतील, पार्ट आला का. ते उठले, कप माझ्या हातात दिला आणि म्हणाले, घाई करू नकोस. मग फाटकापर्यंत जाऊन परत आले आणि तुझं विचारलं. असं त्यांनी याआधी मला कधी विचारलेलं नाही. तुझं काम असतं, तुला त्रास देऊ नये, असंच ते म्हणत आलेत. पण काल विचारलं, आणि मी म्हणालो की लिहून विचारतो. म्हणून विचारतो आहे. ताईला सुट्टी कधी मिळते?

तुझाच,
गाडीखालचा