सायकल स्टँडचा ठराव

६ जानेवारी, मंगळवार

तेजलची सायकल गेली! स्पोर्ट्स सेंटरच्या गेटला साखळीनं बांधलेली, भर संध्याकाळी. आम्ही आत कबड्डीचा सराव करतोय आणि बाहेर कुणीतरी साखळी कापून सायकल लंपास! डिसेंबरपासूनची ही तिसरी. वॉचमन म्हणे, माझं काम गेट उघडायचं, सायकली सांभाळायचं नाही. डोकंच सटकलं माझं.

मी कोच, तेजल माझ्या संघाची कॅप्टन. भांडुपहून रोज येते. तिला घरी सोडायला गेले. तिची आई सुगंधाताई पोळ्यांची कामं करते, तिनंच घेऊन दिली होती ती सायकल. ओरडली असती तर बरं वाटलं असतं. शांतपणे म्हणाली, "मॅडम, सायकल ठेवायला जागा नसेल तर पोरगी येणार नाही." आणखी दोघींच्या घरी हेच चाललंय म्हणे. फेब्रुवारीत जिल्हा स्पर्धा. तिघी गेल्या तर संघच उभा राहत नाही.

८ जानेवारी, गुरुवार

साडेसहाला मोजलं. सायकली एकेचाळीस, जागा शून्य. कमिटीच्या गाड्या चार, आणि त्यांना मागची अख्खी भिंत, वर पत्र्याची शेडसुद्धा! रोज बघत होते, पण टेप लावल्यावर थक्क झाले. चार गाड्यांच्या जागेत पन्नास सायकली आरामात बसतात. वहीच्या पानावर नकाशा काढला. रविवारी कमिटीच्या सभेत ठेवणार, मीही सदस्य आहेच. नितेश म्हणाला, कमिटीच्या गाड्यांना हात लावतेस, वाट लागेल तुझी. लागू दे. नवरा आहे की विरोधी पक्ष!

११ जानेवारी, रविवार

मी भांडायच्या तयारीनं गेले आणि भांडायला कुणी मिळेचना! नकाशा दाखवला, सायकलींच्या चोऱ्या सांगितल्या. भाऊराव अध्यक्ष, मी फ्रॉकमध्ये होते तेव्हापासून मला ओळखतात. म्हणाले, "अक्षता, तुझा स्टँड झालाच म्हणून समज." सगळ्यांनी माना डोलावल्या. सचिव कुंडलिककाकांनी तर नकाशा मागून घेतला. मी बघतच राहिले. सरावाला उशीर होत होता, चहा न घेताच निघाले.

१२ जानेवारी, सोमवार

मुलींना सांगितलं. नुसता दंगा! सुगंधाताई पाठवते म्हणाली. झकास.

१५ जानेवारी, गुरुवार



सहाला ग्राउंडवर गेले तर कबड्डीच्या कोर्टात खड्डे! एका रांगेत, मधल्या रेषेवरच. बाजूला लोखंडी पाइप. मुली कडेला उभ्या. मुकादमाला विचारलं, हे काय? म्हणाला, सायकल स्टँड, मॅडम. सोमवारी काँक्रीट.

तशीच ऑफिसात घुसले. कुंडलिककाका तिळगूळ खात होते. म्हणाले, "मातीच तर आहे ती. मुली काय, कुठंही खेळतील." आणि सभेची वही माझ्यापुढे सरकवली. स्टँड कबड्डीच्या मोकळ्या जागेत करावा. सूचक – अक्षता. वर माझी सही!

सही माझीच आहे. आमच्याकडे सभेच्या सुरुवातीला सगळे वहीच्या पानावर वर हजेरीच्या सह्या करतात, खालचं पान कोरं. इतिवृत्त काका मागाहून सवडीनं लिहितात. वर्षानुवर्षं असंच. मीसुद्धा सात वर्षं निमूट सही ठोकत आले. मूर्ख!

१६ जानेवारी, शुक्रवार

भाऊरावांकडे गेले. ठराव झाला ना आता, आणि तूच मांडलास, म्हणाले. चेहऱ्यावरची माशीही हलली नाही. ह्या माणसानं माझ्या पहिल्या मेडलला पेढे वाटले होते!

सासूबाई एवढंच म्हणाल्या, "गो, सही करूच्या आधी वाचूक नको?" मुलींना अजून सांगितलेलं नाही, की कोर्ट घालवणाऱ्या ठरावावर सही माझीच आहे.

१८ जानेवारी, रविवार

झेंडावंदनाच्या तयारीची सभा. जायचंच नव्हतं. तरी गेले. सह्या झाल्या. वरती सात, खाली कोरं पान. झेंडा, लाडू, खुर्च्या, दहा मिनिटांत उरकलं. कुंडलिककाकांच्या घरी नातवाचं बोरन्हाण, ते घाईत. जाता जाता वही माझ्या हातात दिली. म्हणाले, आज इतिवृत्त तूच लिही गं, तुझं अक्षर चांगलं आहे.

मी "बरं" म्हणाले. माझंच "बरं" ऐकून दचकले.

१९ जानेवारी, सोमवार

सकाळी आठला मुकादमाला वहीतला, सात सह्यांखालचा नवा ठराव वाचून दाखवला. आधीचा रद्द. स्टँड मागच्या भिंतीला, गाड्यांच्या जागेत. सूचक – भाऊराव. अनुमोदक – कुंडलिक.