चौथ्या फेरीत टेलफर नको

वोल्फ्सबुर्ग, मार्च

प्रिय बाबा,

सासऱ्यांना पत्र लिहिताना 'तीर्थरूप' लिहायची पद्धत आहे, हे मला ठाऊक आहे. पण तीर्थरूपांवर चिडता येत नाही आणि मी तुमच्यावर चांगलाच चिडलोय, तेव्हा 'प्रिय'वर भागवून घ्या. मंगळवारपासून तुम्ही फोन उचलत नाही. लांब मेसेज पाठवला तर पहिल्या दोन ओळी वाचून उत्तर देता. म्हणून हे कागदावर लिहून त्याचा फोटो पाठवतोय. आईंना मोठ्यानं वाचून दाखवायला सांगा, म्हणजे तुम्हाला मधेच उठून जाता येणार नाही.

मंगळवारचा तुमचा मेसेज मी कारखान्यात मशीनसमोर उभ्यानं वाचला. रविवारी आपल्या बेसबॉल लीगचा ड्राफ्ट, म्हणजे यंदाच्या मोसमासाठी खेळाडू निवडायचा दिवस, आणि तुम्ही फर्मावलंय की चौथ्या फेरीत टेलफर घ्या. अहो बाबा, आपला संघ नुसता कागदावरचा असला तरी खेळाडू खरे असतात. ते तिकडे अमेरिकेच्या मैदानावर जे करतील तेवढेच गुण इकडे आपल्याला मिळतात. चौथ्या फेरीत लोक वर्षानुवर्षं चेंडू टाकून मुरलेला पिचर घेतात. तुम्हाला मात्र हवाय एक कोवळा पोरगा, जो मोठ्या संघात मागच्या सप्टेंबरात जेमतेम महिनाभर खेळलाय. मेसेजच्या शेवटी तुम्ही आणखी एक ओळ लिहिली आहे. तिच्याकडे नंतर येतो, आधी टेलफर.

त्या महिन्यात त्यानं भल्याभल्यांची दांडी गुल केली, हे मान्य. पण तेव्हा त्याला कुणी पाहिलंच नव्हतं. हिवाळाभर बाकीच्या संघांनी त्याचे व्हिडिओ घोटून घोटून बघितले असणार. शिवाय त्याचा चेंडूवर ताबा नाही. फलंदाजांना तो फुकटात पहिल्या बेसवर पाठवतो आणि त्याची शिक्षा आपल्याला होते. त्याच्या कोपराचं ऑपरेशन झालंय, हे तर तुम्ही सोयीस्करपणे विसरता. मी पोटासाठी गाडीचे सुटे भाग तुटेपर्यंत ताणून बघतो, तेव्हा एकदा तुटून जोडलेल्या वस्तूबद्दल माझं थोडं तरी ऐका. त्याच्या प्रशिक्षकानं तर उघड सांगितलंय की यंदा त्याला जपून वापरणार. म्हणजे एप्रिलमध्ये खालच्या लीगमध्ये ठेवतील आणि ऑगस्टमध्ये, नेमके आपल्याला गुण हवे असतात तेव्हा, बाकावर बसवतील. मग चौथी फेरी कुठून आली?

यावर तुमचं उत्तर ठरलेलं आहे. त्याचं मनगट बघा. षटकार खाल्ल्यावर त्यानं मान खाली घातली नाही, तोच चेंडू पुन्हा त्याच जागी टाकला, ते बघा. बघितलं, बाबा. पण माझ्या हिशोबात मनगटाचा रकाना नाही, आणि बेसबॉलमध्ये त्याला षटकार म्हणत नाहीत हे मी तुम्हाला किती वेळा सांगायचं?

या मनगटाचं खूळ माझ्याच घरात सुरू झालं, हे मात्र खरं. तुम्ही आणि आई पहिल्यांदा इथे आलात तेव्हा आठवडाभरातच तुम्ही कंटाळलात. रविवारी दुकानं बंद, रस्त्यावर चिटपाखरू नाही, गाडीशिवाय कुठे जायची सोय नाही. एका संध्याकाळी मी सहज बेसबॉलची मॅच लावली. मिरजेत पोरांना डावखुरी फिरकी शिकवण्यात तुमचा जन्म गेलेला. तुम्ही चष्मा पुसून थोडा वेळ बघितलंत आणि म्हणालात, आता हा हळू टाकणार. त्यानं हळू टाकला. त्यानंतर तुम्ही सांगाल तसंच होत गेलं आणि मी आ वासून बघत राहिलो. वैभवी स्वयंपाकघराच्या दारात येऊन म्हणाली की घरात एक वेडा होता, आता दोन झाले. त्याच आठवड्यात मी संघाच्या मालकांत माझ्या नावाखाली तुमचं नाव घातलं. तेव्हापासून माझ्या डोक्याला शांतता नाही.

मग वैभवी नोकरीसाठी डार्मश्टाटला गेली, आणि नोकरी हे निमित्त होतं, हे तुम्हाला आमच्या आधी कळलं असावं. इथे घटस्फोटाआधी वर्षभर वेगळं राहावं लागतं. ट्रेनुंग्सयार म्हणतात त्याला. त्या वर्षात काय झालं, कुणाचं चुकलं, हे विचारून मित्रांनी मला भंडावून सोडलं. तुम्ही एकदाही विचारलं नाहीत. तुमचा रोज सकाळी मेसेज यायचा की अमक्याचा हात दमलाय, त्याला बसवा. दात घासताना, बस पकडताना, मीटिंगमध्ये, सतत तुमचे पिचर. फार वैताग यायचा. पण ज्या दिवशी मेसेज उशिरा यायचा त्या दिवशी माझं कामात लक्ष लागायचं नाही.

आता ती शेवटची ओळ. 'कोर्टाचा निकाल झाला, तरी माझं नाव आता संघातून काढून टाकावं, लोकांत बरं दिसत नाही.' कुठल्या लोकांत, बाबा? मिरजेत बेसबॉल कुणाला कळतो? यंदा अधिक महिना आहे, जावयाला अनारसे द्यायचे तर कुणाला, या विचारानं आई हिरमुसल्या असतील. अनारसे बंद झाले, हे मी समजू शकतो. पण संघाचं काय? मी वैभवीलाही फोन करून विचारलं. ती म्हणाली, बाबांना तुझ्याकडेच ठेव, नाहीतर ते रोज सकाळी मला पिचर सांगतील.

तेव्हा माझं ऐका. या मोसमापुरता टेलफर कवडीमोलाचा आहे, हे मी लेखी देतो. तरीही रविवारी मी त्याला घेणार आहे, अगदी शेवटच्या फेरीत, जिथे त्याला कुणी हात लावणार नाही. आपल्या लीगमध्ये नवखा खेळाडू तीन वर्षं राखून ठेवता येतो. तेवढ्या काळात त्याचं कोपर मी सांभाळीन, पण मनगटातलं मला काही कळत नाही आणि त्यासाठी मी दुसरा माणूस शोधणार नाही. तुमचं नाव मी काढलेलं नाही. वैभवीचं आणि माझं नातं संपल्याच्या कागदावर मी सही केली. तुमचं आणि माझं नातं संपल्याचा कागद माझ्यासमोर कुणी ठेवला नव्हता, ठेवला असता तर मी पेन खाली ठेवून उठलो असतो. रविवारी फोन उचला. चौथ्या फेरीत कुणाला घ्यायचं, यावर अजून आपलं भांडण व्हायचंय.

तुमचाच,
देवदत्त