मॅनेजरच्या वाट्याचं श्रेय

पासिर रिस, सिंगापूर
१४ सप्टेंबर २०१४

तीर्थरूप बाबांना,
वल्लरीचा वाकून नमस्कार.

आम्ही जिंकलो! ऑफिसच्या बेसबॉल संघाने काल चषक घेतला आणि संघाची मॅनेजर मी होते.

तब्येत उत्तम आहे, जेवण वेळेवर होतं. आईला सांगा.

शेवटच्या डावात आम्ही एका धावेने पुढे होतो. चेंडू टाकत होते माझे साहेब, रवींद्र सर. दमल्यामुळे त्यांचे चेंडू उंच जायला लागले होते. मी त्यांना बाहेर बोलावलं आणि बाकावरच्या अनुयाला उतरवलं.

"वल्लरी, तुझ्या इथल्या नोकरीच्या पासच्या अर्जावर सही कोण करतं, माहीत आहे ना?" ते हसून म्हणाले, पण अर्धवटच हसले.

"माहीत आहे, सर. चेंडू द्या."

अनुयाने समोरच्या संघाच्या तिघांनाही बाद केलं आणि सामना संपला. चषक सरांनीच माझ्या हातात दिला. अर्जावर सही व्हायची आहे, होईल.

तुम्ही शिकवलेल्या खो-खोच्या मुली राज्यात पहिल्या आल्या, तेव्हा सत्काराला तुम्हाला कोणी मंचावर बोलावलं नाही. "धावल्या मुली, माझं काय त्यात?" असं तुम्ही म्हणालात. आता तुम्ही मैदानावर जात नाही, असं आई सांगते. गुडघा दुखतो, की दुसरंच काही?

काल खेळणारे नऊ जण जिंकले, हे खरंच आहे. पण कुणाला कधी उतरवायचं हे मी एकटीने ठरवलं, आणि चुकलं असतं तर बोल मलाच लागला असता. तेवढं श्रेय माझं आहे आणि मी ते घेतलं. तुमचंही तेवढं आहे, बाबा. उद्या मैदानावर जा.

तुमची,
वल्लरी