गाडीतल्या पिवळ्या दिव्याबद्दल ताईला

मंगळवार, ९ सप्टेंबर

तीर्थस्वरूप ताईस,

तुझ्या धाकट्या आणि सध्या पूर्ण हात टेकलेल्या भावाचा नमस्कार. तुझी तीन पत्रं आली, तिन्ही दोनदा वाचली आणि एकालाही उत्तर दिलं नाही, याबद्दल आधी माफी मागतो. एप्रिलपासून मी गप्प आहे. (आत्ता डायरी पाहिली. एप्रिल नव्हे, मार्चची अखेर. म्हणजे अपराध मला वाटला त्याहून आठवडाभर मोठा आहे.) तू रविवारी फोन करतेस हे खरं, पण तेव्हा बाबा शेजारी असतात आणि फोन स्पीकरवर ठेवायचा हा त्यांचा हुकूम, त्यामुळे मला जे बोलायचं असतं ते सोडून बाकी सगळं बोललं जातं. तुझा गुडघा आता जिना चढू देतो का? भाऊजींचा खोकला थांबला का, की त्यांनी औषध थांबवलं? इकडे आम्हा सगळ्यांच्या तब्येती ठीक आहेत. एक गाडी सोडून.

गाडी म्हणजे बाबांचीच, ती जुनी निळी. तुला वाटेल, हिच्यात नवीन काय बिघडणार, बिघडायचं ते सगळं बिघडून झालंय. मलाही तसंच वाटत होतं. पण गेल्या डिसेंबरात समोरच्या काट्यांच्या मधोमध एक पिवळा दिवा लागला. इंजिनाच्या आकाराचा, सुपारीएवढा. इंजिनात काहीतरी बिनसलंय एवढंच तो सांगतो. काय बिनसलंय ते सांगत नाही, कधीपासून ते सांगत नाही, मी काय करावं हे तर मुळीच सांगत नाही. नुसता डोळे वटारून बसतो. माझ्या कन्येनं त्याचं नाव 'आत्या' ठेवलंय. हे तुला कळवावं की नाही यावर मी दोन दिवस विचार केला, पण तू ते दुसऱ्या कुणाकडून ऐकण्यापेक्षा माझ्याकडून ऐकलेलं बरं. रोज सकाळी मी किल्ली फिरवली की ती मागच्या सीटवरून विचारते, "आत्या आहे का?" आणि मी म्हणतो, "आहे." नऊ महिने झाले.

गंमत राहू दे. पुढच्या आठवड्यात शुक्रवारी, १९ तारखेला गाडीची वार्षिक तपासणी आहे. हा दिवा लागलेला दिसला की गाडी नापास, मग ती कितीही चांगली पळो. मागच्या खेपेला त्यांनी मुदत वाढवून दिली, आता देणार नाहीत. नापास झाली की ती रस्त्यावर आणता येणार नाही, आणि तसं झालं तर भंगारवाल्याला फोन करायचा हे तुझ्या भावजयीनं ठरवून टाकलंय. तिची बाजू बरोबर आहे. तुझीही बरोबर आहे. तू दर रविवारी बाबांना स्पीकरवरून "विकून टाका ती गाडी" म्हणतेस तेव्हा मीही मनात मान हलवतो. पण ताई, डॉक्टरांनी बाबांचं चालवणं बंद करून दीड वर्ष झालं, आणि अजून ते रोज सकाळी सहाला उठून, दाढी करून, तीन मजले उतरून गाडीपाशी जातात. पुसतात, आत बसतात, परत येऊन चहा मागतात. त्यांच्या दिवसात तेवढं एकच काम उरलंय. गाडी गेली तर ते सकाळी दाढी कशासाठी करतील, याचं उत्तर मला सापडत नाही. म्हणून मी या दिव्याच्या मागे लागलोय. त्या दिव्यानं मला काय काय करायला लावलं ते आता ऐक.

प्रथम मी आपल्या गल्लीमागच्या मिस्त्रीकडे गेलो. हा माणूस निदान सांगण्याआधी दोन्ही हात फडक्याला पुसतो, म्हणून सगळे त्याला डॉक्टर म्हणतात. त्यानं गाडीला एक यंत्र जोडलं, त्यावर आकडा उमटला, त्यानं हात पुसले आणि सांगितलं की पेट्रोलची वाफ कुठूनतरी गळतेय. टाकीपासून इंजिनापर्यंत कुठूनही. मग पहिलाच प्रश्न विचारला, "साहेब, टाकीचं झाकण नीट लावता ना?" ताई, मला राग आला. कबूल करतो, फार राग आला. मी जन्मात कधी झाकण अर्धवट लावलेलं नाही. ते फिरवताना टिक असा आवाज येतो, तो तीनदा आला की झाकण पक्कं बसलं असं गाडीच्या पुस्तिकेत लिहिलंय, आणि पंपावरचा पोरगा झाकण उघडत असला तरी लावतो मीच, प्रत्येक वेळी तीन टिक मोजून. डायरीत तशी नोंदही करतो. मी गाडीतून डायरी काढली आणि गेल्या वर्षभरात एक्केचाळीस वेळा पेट्रोल भरलं त्याच्या एक्केचाळीस नोंदी त्याच्यापुढे वाचल्या. पंधराव्या नोंदीला त्यानं पुन्हा हात पुसले आणि म्हणाला, "झाकणाचा विषय संपला, साहेब." त्यानंतर त्यानं तो विषय कधीच काढला नाही. बिचाऱ्यानं वाफेच्या नळ्या बदलल्या. पुढच्या खेपेला कोळशाचा डबा बदलला. (गाडीत कोळसा असतो हे मला चव्वेचाळिसाव्या वर्षी कळलं. वाफ शोषून घ्यायला असतो म्हणे. आपण पदवी घेतली म्हणजे नक्की काय घेतलं, असा प्रश्न मला त्या दिवशी पडला.) दर वेळी दिवा विझायचा, मी पेढ्यांचा विचार करायचो, आणि तीन-चार दिवसांत आत्या परत.

मग मी थंड हवेच्या, काचेच्या दारांच्या एका मोठ्या गॅरेजमध्ये गेलो. तिथे गाडीला हात लावायच्या आधी गाडीवाल्याचा फॉर्म भरून घेतात. 'तक्रार केव्हा उद्भवते?' या रकान्यापुढे दीड इंच जागा होती. मी मागे वेगळी पानं जोडली. त्या पानांत मी हवा, चढ-उतार, गाडीत कोण कुठे बसलं होतं, हे सगळं लिहिलं होतं, कारण कुठला तपशील कामाचा निघेल ते आधी सांगता येत नाही. त्यात असंही होतं की पाहुणे मागे बसले की दिवा जास्त लागतो, पण तो योगायोग असू शकतो. तिथल्या मुख्य मेकॅनिकनं पानं वाचली, माझ्याकडे पाहिलं, आणि विचारलं, "तुम्ही लेखक आहात का?" त्यानं एक सेन्सर बदलला. आणि ताई, दिवा विझला! बारा दिवस झाले तरी विझलेलाच होता. मे महिन्यात बाबा तुझ्याकडे राहायला आले होते ना, तेव्हाच. बाबा परत आल्यावर त्यांना विझलेला दिवा दाखवायचा म्हणून मी स्टेशनवर गाडी धुऊन नेली. त्यांनी पाहिला, "मी म्हणत होतो ना, चांगली आहे गाडी," म्हणाले, आणि माझ्या खांद्यावर हात ठेवला. शेवटचा कधी ठेवला होता ते मी डायरीत शोधलं, सापडलं नाही. ते आल्याच्या पाचव्या दिवशी दिवा पुन्हा लागला. मेकॅनिकनं मला दुरून येताना पाहिलं आणि तो जेवायला गेला. तेव्हा सकाळचे साडेनऊ वाजले होते.

यानंतरचं लिहायला लाज वाटते. ऑफिसातल्या आमच्या स्टोअरकीपरनं मला काळ्या चिकटपट्टीचा सुपारीएवढा तुकडा कापून दिला आणि सांगितलं, "चिकटवा आणि विसरा." मी चिकटवला. दिवा नव्हता. कसं शांत, निरोगी वाटत होतं. अकरा मिनिटं मी खोट्या गाडीतून फिरलो. मग मनात आलं की हेच मी बाबांच्या रक्तदाबाच्या यंत्रावर केलं असतं तर? आणि तपासणीवाल्यानं विचारलं तर मी खोटं बोलणार, की बोलताना माझे कान लाल होणार? (होतात. तुला माहीत आहे.) सिग्नलला थांबून पट्टी काढली. तिचा चिकट डाग अजून तिथे आहे. त्यावर धूळ बसते आणि दिवा आता जरा मिशी फुटल्यासारखा दिसतो. संध्याकाळी बाबा चष्मा वर करून म्हणाले, "इथे काय चिकटवलं होतंस रे?" या वयात त्यांना टीव्हीवरची बातमी ऐकू येत नाही, हाक तीनदा मारावी लागते, पण डाग दिसतो. तसाही काट्यांवर आणि दिव्यांवर त्यांचा विश्वास कधीच नव्हता. तुझ्या दहावीच्या पेपराला पेट्रोलचा काटा 'अर्धी टाकी' दाखवत असताना आपली तेव्हाची गाडी पुलावर बंद पडली होती, तेव्हापासून. त्यानंतर कितीतरी वर्षं ते मागच्या चाकाशी वाकून, कमरेनं गाडीला धक्का देऊन, टाकीत पेट्रोल कसं डुचमळतं ते ऐकायचे, आठवतं? तू मान खाली घालून दुसऱ्या फुटपाथवरून चालायचीस.

तर ही अशी अवस्था आहे. मिस्त्री थकला, मेकॅनिक जेवायला गेला, मी डायरीची तिसरी वही सुरू केली. दहा दिवस उरलेत. मला आता असं वाटू लागलंय की बिघाड गाडीत नसून माझ्यात आहे आणि दिवा नेमकं तेच सांगतोय. तूच सांग, सोडून देऊ का नाद? तू 'हो' म्हणालीस तर माझ्यावरचा भार अर्धा कमी होईल. (हे वाक्य वाचून पाहिलं. म्हणजे उद्या बाबा गप्प झाले तर मला 'ताईनं सांगितलं' म्हणता यावं, म्हणून हे पत्र लिहितोय की काय? तसं असेल तर ते वाक्य वाचू नकोस. खोडत नाही, कारण खोडलेलं तू उजेडाला धरून वाचतेस.)

तुझा,
धाकटा

ता. क. (बुधवार, सकाळ) : पाकीट चिकटवणार होतो, तेवढ्यात शंका आली की एक्केचाळीस नोंदी की बेचाळीस. डायरी गाडीत राहिली होती म्हणून सव्वासहाला खाली गेलो. बाबा गाडीच्या मागच्या चाकाशी होते, माझ्याकडे पाठ. टाकीचं झाकण उघडून त्यांनी गाडीच्या टपावर ठेवलं होतं. कमरेनं गाडीला धक्का देत होते आणि वाकून कान लावून ऐकत होते. ताई, ते बंद झालंय अशी माझी समजूत होती. मी खांबाआड उभा राहिलो. मग त्यांनी झाकण लावलं. फिरवायला गेले तर मनगट थरथरलं. दुसरा हात लावला. झाकण जेमतेम अर्धा वेढा फिरलं. एकही टिक नाही. आली असती तरी त्यांना ऐकू आली नसती. त्यांनी झाकणावर थोपटलं, जसं आपल्याला लहानपणी पाठीवर थोपटायचे तसं, आणि वरची झडप बंद केली. नऊ महिने, रोज. तुझ्याकडचे बारा दिवस सोडून. मी मिस्त्रीपुढे स्वतःच्या एक्केचाळीस नोंदी वाचल्या, पण घरात आणखी कुणी झाकण उघडतं का हे स्वतःला एकदाही विचारलं नाही. ते वर गेल्यावर मी झाकण पक्कं केलं. तीन टिक. (नोंदी एक्केचाळीसच आहेत.)

आता खरी विनंती. बाबांना लगेच आठवडाभर तुझ्याकडे बोलावून घे. भाऊजींच्या खोकल्याचं निमित्त चालेल. १९ तारखेपर्यंत झाकणाला हात लागला नाही की दिवा विझेल. त्यांना खरं कारण कळता कामा नये. डॉक्टरांनी त्यांच्याकडून चालवणं काढून घेतलं. एक झाकणही लावता येत नाही हे त्यांना मी सांगणार नाही.

ता. क. २ (रविवार, दुपार) : वरची विनंती रद्द. पाकीट पेटीत टाकायचं राहिलंच होतं, ते पुन्हा फोडलंय, म्हणून कड अशी फाटकी. तुला फोन करून सांगता आलं असतं, पण बाबा शेजारीच होते. गेले चार दिवस ते वर चहाला बसले की मी 'पेपर आणतो' म्हणून खाली उतरतो आणि झाकण पक्कं करतो. (आपल्याकडे पेपर दाराशी येतो. कुणी काही बोललं नाही.) आज सकाळी दिवा विझला. कन्येनं विचारलं, "आत्या आहे का?" मी म्हटलं, "नाही," आणि तिनं खात्री करायला दोन सीटांमधून डोकं पुढे काढलं. गाडीतून उतरल्यावर बाबा मला म्हणाले, "उद्यापासून मी झाकण नुसतं ठेवत जाईन. फिरवायचं तू बघ. नाहीतरी येतोसच माझ्या मागून." एवढं बोलून गाडी पुसायला लागले. त्यांना दिव्याचं कळलंय, की नुसतं माझ्या पेपराचं, ते मी विचारलं नाही. विचारायला हवं होतं का? आठवड्यात पहिल्यांदाच मला या प्रश्नाचं उत्तर नको आहे.

तेव्हा मागणं एवढंच. तुझ्या पुढच्या फोनवर "विकून टाका" म्हणू नकोस. गाडी कशी आहे एवढं विचार, आणि ते सांगतील तेवढा वेळ ऐक.

उद्याचं काम : सकाळी सव्वासहा, झाकण. तीन टिक.